वाढवाळा

हेमलतानं शार्दूलला दूध पाजायला मांडीवर घेतलं, की सासूबाई हातातलं काम टाकून बघत बसत. "पिताना कसा घामाघूम होतो बघा! पैलवान आहे माझा." मग त्यांची नजर भिंतीवरच्या पडद्याकडे जाई. तिथं घरातल्या दोन्ही तान्ह्यांची वजनं शेजारी-शेजारी उजळलेली असत. शार्दूलचा आकडा भरभर चढे. मुक्ताचा मुंगीच्या पावलानं सरके.

मुक्ताची आई वृंदा, घरातली धाकटी सून, अशा वेळी मान खाली घालून भाजी निवडत राही.

दोन्ही बाळांच्या पायांत आरोग्य केंद्रानं दिलेला वाढवाळा होता. दिसायला साधा, मऊ वाळा. पण त्यातून बाळाला जाणवणारही नाही असा विजेचा बारीक प्रवाह अंगात जाई आणि हाड, मांस, चरबी, पाणी किती ते जोखून वाळा वजन घरच्या पडद्यावर आणि केंद्रातही कळवी. कासारमळ्यात आता बाळाला वजनकाट्यावर कुणी ठेवतच नसे.

"मुक्ता तिच्या चणीनं छान वाढतेय," असं डॉक्टर काझी दर वेळी सांगत. वृंदाला ते पटेही. पण घरी येणारी प्रत्येक बाई आधी पडदा वाचे, मग मुक्ताकडे बघून "बाई गं, किती नाजूक!" म्हणे, आणि वृंदा मुक्ताला पदराआड घेई. शार्दूलचे गुबगुबीत गाल दिसले तरी तिला त्याला उचलावंसं वाटेना. तान्ह्या पोराचा हेवा करायचा म्हणजे काय, याची लाज वाटे. हेवा मात्र जात नसे.

त्या रविवारी तिच्या माहेरची माणसं येणार होती. बाळांना न्हाऊ घालताना सासूबाईंनी दोन्ही वाळे काढून वृंदाकडे दिले. परत घालताना तिनं ते बदलले, म्हणजे पडद्यावर मुक्ताच्या नावापुढं शार्दूलचा आकडा दिसेल. पाहुणे जाईपर्यंतच, असं स्वतःला समजावलं.

पाहुण्यांचा चहा होतो न होतो तोच पडद्यावर डॉक्टर दिसल्या. "वृंदाताई, मुक्ताला ताबडतोब घेऊन या. वजन एकदम वाढलंय आणि ती वाढ मांसाची नाही, पाण्याची आहे. सूज आहे ती. दूध पिताना घाम येतो का? धाप लागते?"

मुक्ता आपल्या आजोबांच्या बोटाशी खेळत होती. घाम शार्दूलच्या कपाळावर होता.

वाळा बिघडलाय असं म्हणून सुटता आलं असतं. वृंदाच्या ओठांवर ते आलंही होतं.

"डॉक्टर, तो वाळा शार्दूलच्या पायात आहे. मीच बदलला."

कुणी काही बोलायच्या आत हेमलता पोराला छातीशी धरून अनवाणीच धावत सुटली.

शार्दूलच्या हृदयाला जन्मतःच छिद्र होतं. "वाढवाळा प्रत्येक बाळाला त्याच्याच आधीच्या वजनाशी ताडून बघतो," डॉक्टर म्हणाल्या. "याच्या अंगात पाणी पहिल्यापासून रोज थोडं थोडं साठत गेलं, म्हणून यंत्रानं तीच त्याची प्रकृती मानली. आम्हीही यंत्रावर विसंबलो. मुक्ताच्या नावावर तेच आकडे आले, तेव्हा कुठं ते दचकलं. आणखी उशीर परवडला नसता."

औषधांनी सूज उतरू लागली. "धाकटीनंच नातू वाचवला," असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागल्या. ते ऐकलं की वृंदाला जमीन दुभंगावी असं वाटे.

ती डबा घेऊन रुग्णालयात गेली. हेमलता त्या दिवसापासून तिच्याशी बोलली नव्हती. तिनं डबा घेतला, पण उघडला नाही. खाटेवर शार्दूल झोपला होता. चेहरा उतरून एवढासा झालेला, जवळजवळ मुक्ताएवढा.

"ताई..." वृंदानं सुरुवात केली.

"तुझ्यामुळंच वाचला तो. मी नाही म्हणत नाही," हेमलता हळू आवाजात म्हणाली. "पण वृंदा, माझं पोर धडधाकट निघालं असतं, तर तू मला हे कधी सांगितलं असतंस?"