मालकीण स्वतः हजर

टोपीवाली दार ढकलून दुकानात शिरली, तेव्हा भिंतीवरची तेवीस घड्याळं तेवीस वेगवेगळ्या वेळा दाखवत होती आणि त्यांच्याखाली स्टुलावर बसून धाकटा घड्याळजी कुणाला तरी मनसोक्त शिव्या घालत होता. ऐकायला दुकानात चिटपाखरू नव्हतं.

"कोण कुठली टोप्या शिवणारी बया," तो हातातल्या चाकालाच सांगत होता. "काकांनी जन्मात तिचं नाव काढलं नाही, आणि मृत्युपत्रात अर्धं दुकान तिला. मी दहा वर्षं इथे डोळे फोडले, ते काय गंमत म्हणून?" एवढ्यात त्याला चाहूल लागली. "माफ करा हं. काय दुरुस्त करायचंय?"

"तुमची जीभ," ती म्हणाली. "ती बया मीच."

त्याच्या डोळ्याला लावलेलं भिंग सुटलं आणि थेट चहाच्या कपात पडलं. कान असे लाल झाले की तिला हसू आवरेना.

खरं म्हणजे ती नाही म्हणायला आली होती. म्हातारा घड्याळजी तिला रस्त्यात दिसला की टोपी काढून नमस्कार करायचा, एवढीच काय ती ओळख. उगाच कुणाचं कशाला घ्या? पण हा वेंधळा माणूस भिंगातला चहा फुंकून उडवू लागला... आणि तिच्या तोंडून निघालं, "मी उद्या येते, मग बोलू."

तो उद्या काही उगवला नाही. म्हणजे ती रोज आली, बोलणं मात्र तेवढं राहून गेलं. सकाळी आईबरोबर टोप्या शिवायच्या आणि दुपारी घोडागाड्यांची गर्दी चुकवत इथे यायचं, असं सुरू झालं. शनिवारी सगळ्या घड्याळांना किल्ली द्यायची असे. ती शिडीवर चढायची आणि तो खाली शिडी धरून उभा राहायचा.

"शिडी हलतेय," ती म्हणायची.

"शिडी नाही हो, मी हलतोय."

"का बरं?"

"तुम्ही वर असलात की... उंचीची भीती मला वाटते."

अशी थट्टा चालायची. तीन महिन्यांत 'तुम्ही'चं 'तू' झालं. एकदा बारीक स्क्रू उचलायला दोघं एकदमच वाकले, डोक्याला डोकं आपटलं, आणि नंतर बराच वेळ कुणीच उठलं नाही. स्क्रू राहिला जमिनीवरच.

आणि मग एके शनिवारी त्याची आत्या आली. म्हाताऱ्याची बहीण. याचे आईबाप गेले तेव्हा हा दोन वर्षांचा होता. त्याला या भावाबहिणींनीच वाढवलं. आत्या मनाची वाईट नव्हती, पण जिभेला हाड नव्हतं. शिडीपाशी हातात हात पाहिला आणि ती मटकन खुर्चीवर बसली.

"अरे, जरा अक्कल चालवा," ती म्हणाली. "माझ्या भावाने हिला दुकान का दिलं? गाव वीस वर्षं कुजबुजतंय. हिचा बाप मार्चमध्ये लढाईवर गेला, तो परत आलाच नाही. ही जन्मली पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये. सतरा महिने कुणी पोटात राहत नाही, बाळांनो. ही तुझी चुलत बहीण आहे."

त्याने हळूच तिचा हात सोडला. सोमवारी ती आली तेव्हा 'तू'चं पुन्हा 'तुम्ही' झालं होतं. दोघांमध्ये एक भलंमोठं भिंतीवरचं घड्याळ उघडून ठेवलेलं होतं, आणि त्याच्या आडून तो मान वर करत नव्हता. दुकान गेलं तर गेलं, पण हा माणूस भाऊ निघाला तर जन्मभर त्याच्याकडे बघायचं कसं, हेच तिला कळेना.

त्या संध्याकाळी तिने आईला सरळच विचारलं. "आई, मी कुणाची?"

आईच्या हातातली सुई थांबली. ती उठली, फितींच्या डब्याच्या तळातून तिने नवऱ्याचं खिशातलं घड्याळ काढलं आणि लेकीच्या हातावर ठेवलं. हे घड्याळ तिने कधी कुणाला उघडू दिलं नव्हतं.

"तुझ्या बापाचीच," ती म्हणाली. "सैन्यात कुणी जायचं त्याच्या चिठ्ठ्या निघाल्या, तेव्हा चिठ्ठी घड्याळजीची निघाली होती. त्याच्या कडेवर तेव्हा ते दोन वर्षांचं आईबाप नसलेलं पोर. तुझा बाप त्याचा जिवलग. म्हणाला, 'तुझ्या जागी मी जातो.' घड्याळजीने लाजेपायी हे बहिणीलाही सांगितलं नाही."

"आणि ते सतरा महिने?"

"नोव्हेंबरमध्ये तो आला होता. रजा न घेता, नदी पोहून. घड्याळजीने त्याला माळ्यावर तीन दिवस लपवलं. हे घड्याळ माझ्यापाशी ठेवून तो परत गेला आणि महिन्याभरात पडला. चौकात लढाईत पडलेल्यांच्या दगडावर त्याचं नाव कोरलंय बाई. पळून आला होता हे कळलं असतं तर ते नाव पुसलं असतं, आणि लपवणाराही तुरुंगात गेला असता. म्हणून लोकांचं सगळं ऐकून घेतलं." आईने डोळे पुसले. "पण दगडावरच्या नावापायी मी तुझा संसार मोडू देणार नाही. जा, त्याला दाखव. त्याच्या काकाची सवय त्याला ठाऊक असेल."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच ती पायरीवर बसून होती. तिने सगळं एका दमात सांगितलं आणि घड्याळ पुढे केलं. "उघड."

काकाची सवय त्याला चांगलीच ठाऊक होती. हातात आलेल्या प्रत्येक घड्याळाच्या पाठच्या झाकणात, आतल्या बाजूला, काका सुईने बारीक ओळ कोरायचा. तारीख, बिघाड, आणि घड्याळ कुणी आणलं ते. त्याने झाकण उचकटलं, भिंग डोळ्याला लावलं... आणि तो ओळीवरचा गंज नखाने खरवडू लागला.

"अरे, वाच ना," ती म्हणाली. "जीव जाईल माझा."

"चार नोव्हेंबर. नदीत भिजले. मालक स्वतः हजर." साल तेच होतं. बोटं मोडून तिने महिने मोजले, चुकले, पुन्हा मोजले. ऑगस्टपर्यंत बरोबर नऊ.

तो एकदम हसत सुटला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "माणूस लपवला, चिठ्ठी लपवली, सख्ख्या बहिणीला पत्ता लागू दिला नाही. आणि झाकणात लिहून ठेवलं! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात."

"बरं झालं नाही गेली ते," ती म्हणाली. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि ती तिथेच त्याच्या स्टुलावर बसली.

तो थोडा वेळ ते झाकण बोटाने पुसत राहिला. "म्हणजे मला कडेवर घ्यायला काका घरी राहिले... म्हणून तुझे बाबा गेले."

"हो. तेव्हा माझ्या बापाची मेहनत वाया घालवू नकोस," ती म्हणाली. "आत्याला काय सांगायचं?"

"खरं तेच. पण आधी तिला शपथ घालू. तुझ्या बाबांचं नाव दगडावरून हलता कामा नये." मग त्याने तिला उठवलं, स्वतः स्टुलावर बसला आणि कामाला लागला. बावीस वर्षांचा गंज, काढता काढता दुपार झाली. ती समोर बसून त्याच्याकडे बघत होती, अगदी मनसोक्त, कारण आता बघायला हरकत नव्हती. घड्याळ चालू झालं तेव्हा त्याने ते लगेच तिला दिलं नाही. सुई घेतली, श्वास रोखून काकाच्या ओळीखाली काहीतरी कोरलं, आणि भिंग तिच्या हातात ठेवलं.

तिने वाचलं. आजची तारीख. गंज काढला. मालकीण स्वतः हजर. परत जाऊ दिली नाही.

"हे काय," ती म्हणाली. "मला विचारलंस तरी का?"

"मग विचारतो. राहशील?"

"आता कोरलंयस म्हटल्यावर..." तिने झाकण टक्कन मिटलं आणि घड्याळ त्याच्याच खिशात टाकलं. "आमच्या घरात कोरलेलं नाव कुणी पुसत नाही."