लाल गाठीच्या गोण्या

१९९६ साल होतं, जानेवारीचा महिना. लासलगावात लाल कांदा असा उतरला होता की ट्रॅक्टरांची रांग पार रेल्वे फाटकापर्यंत लागली होती. पुंजाभाऊंच्या खळ्यावर दहा-बारा बाया कांदा निवडत होत्या, आणि त्यांच्यात बसली होती भाऊंची लेक हर्षाली. बारावी झालेली. पण गोणीत हात घालून कांदा किती दिवस टिकेल ते सांगावं तर तिनंच.

दारात जीप थांबली. उतरला तो पांढरा सदरा, पांढरी पँट... आणि पांढरे बूट! कांद्याच्या खळ्यावर!

"हे ध्यान किती येळ पांढरं ऱ्हातंय बघू," झुंबरबाई पुटपुटली. ती खळ्यावरची सगळ्यांत जुनी निवडणारी. तिच्या तोंडाला कोण लागणार?

पोराचं नाव दत्तू. नाशिकचाच, वडील अंबडच्या कारखान्यात. तो मात्र सिंगापूरच्या कोरल लाईन कंपनीत, प्रवासी जहाजावर कोठी सांभाळायचा. कंपनीकडे तेव्हा एकच जहाज होतं, कोरल रोझ. उत्तरेकडच्या बर्फाळ समुद्रात मोटारी वाहून म्हातारं झालेलं, मग विकत घेऊन रंगरंगोटी केलेलं. ते मुंबईला धक्क्याला लागलं होतं आणि दत्तू कांदा घ्यायला आला होता.

"हा द्या," तो लाल ढिगाकडे बघून म्हणाला. "काय रंग आहे!"

"रंग बघायला त्याला मुलगी द्यायचीय का?" हर्षालीनं मान वर न करताच विचारलं. "हा पंधरा दिवसांत खाऊन टाकायचा कांदा. जहाजात कोंडलात की कोंब काढील. चैत्रात या, उन्हाळ कांदा देते."

"जहाज चैत्रापर्यंत थांबत नसतं, बाई. आणि आमची कोठी थंडगार आहे. हे एवढं जाड लोखंडी दार!"

"म्हणजे बिचाऱ्याला श्वाससुद्धा घ्यायचा नाही!"

बाया हसल्या. दत्तूचे कान लाल झाले. "लावता पैज?"

"लावली. हरलात तर?"

"तर... स्वतः येऊन सांगेन."

तो चैत्रात आला. या वेळी पायांत साध्या चपला. खिशातून रुमाल काढून त्यानं तिच्यापुढे उलगडला. आत एक सुकलेला कांदा, आणि त्याला वीतभर हिरवा कोंब!

"हरलो," तो म्हणाला. "जहाजभर वास सुटला होता. साहेब म्हणाले, पुन्हा असं झालं तर कांद्याबरोबर तूही समुद्रात."

"मग पोहता येतं का?"

"नाही ना... म्हणून तर तुमच्याकडे आलो."

हर्षालीनं त्याला शेतात नेलं. उपटलेला कांदा त्याच्याच पातीखाली झाकून तीन-चार दिवस कसा सुकवायचा, ते दाखवलं. मग विळा हातात दिला. "बोटभर मान ठेवून पात कापायची. मान आखूड झाली की कांदा सडतो."

"अशी?"

"अशी नव्हे... अशी." तिनं त्याचा हात धरून विळा वळवला. आणि मग धरलेला हात सोडायचं दोघांनाही सुचेना...

"मान कांद्याची कापायचीय, दत्तूसाहेब," बांधावरून झुंबरबाई ओरडली, "सोताची नाय!"

त्या गोण्यांच्या तोंडाला हर्षालीनं लाल सुतळीची गाठ मारली. आपला माल कुठंही ओळखू यावा म्हणून. पाच महिन्यांनी पत्र आलं – एकही कोंब नाही. कोठीचं दार आता रोज दोन तास उघडं ठेवतो, असंही त्यात लिहिलं होतं.

पुढं कंपनी वाढत गेली. कोरल मून आलं, कोरल पाम आलं. प्रत्येक जहाजाचं चित्रकार्ड दत्तू पाठवायचा आणि हर्षाली ते खळ्याच्या भिंतीला चिकटवायची. बायांना जहाजं नावानिशी पाठ झाली. "मूनवाल्या गोण्या भरल्या का गं?" असं त्या एकमेकींना विचारू लागल्या. कार्डांच्या मागचा मजकूर मात्र हर्षाली कुणाला वाचू द्यायची नाही.

१९९९ साली कंपनीनं पहिल्यांदाच नवंकोरं जहाज बांधून घेतलं. तेरा मजली, कोरल एम्प्रेस. दत्तूनं लिहिलं – 'चारही जहाजांची खरेदी माझ्याकडे येणार आहे. सिंगापूरला घर मिळेल. तू येशील?'

हर्षाली आठ दिवस धड जेवली नाही. त्याला नाही म्हणायचं कसं? आणि हे खळं, या बाया, ही लाल गाठ सोडायची तरी कशी? उत्तर लिहिलंच गेलं नाही.

एम्प्रेस मुंबईला आलं तेव्हा दत्तूनं खळ्यावरच्या सगळ्या बायांना बोलावणं धाडलं. नऊवारी सावरत, गाडग्यात चटणी अन् फडक्यात भाकरी घेऊन बाया तेरा मजली जहाजावर चढल्या. झुंबरबाईनं चप्पल खालीच काढली होती. म्हणाली, "एवढ्या चकचकीत घरात चपलंनं कसं जावं!"

मग सगळ्या कोठीत गेल्या. समोर छतापर्यंत गोण्या होत्या, आणि एकेकीच्या तोंडाला लाल गाठ. तेव्हा खरेदीची मुख्य असलेली सिंगापूरची बाई पुढे आली. तिनं हर्षालीचे खरबरीत हात हातात घेतले आणि ती काही बोलली.

"काय म्हणती?" झुंबरबाईनं विचारलं.

दत्तूनं सांगितलं. "म्हणते, चारही जहाजांना कांदा फक्त या गाठीचा."

झुंबरबाईनं डोळ्यांना पदर लावला. मग उगाचच खेकसली, "चला गं, सैपाकघर बघू! या दोघांना बोलू द्या."

दोघंच उरली.

"मी येणार नाही," हर्षाली म्हणाली. "ही गाठ मारायला मी तिथंच हवी. पण तुम्ही... तुम्ही यावं असं फार वाटतं."

दत्तूनं एका गोणीच्या गाठीवरून बोट फिरवलं. "समुद्र सोडवणार नाही मला."

"सोडा म्हटलं का मी? चैत्रात या. आणि कांदा साठवणीच्या चाळीत भरेपर्यंत राहा."

"फक्त चैत्र-वैशाख?"

"बाकीचे महिने... वाट बघण्यात मी हुशार आहे."

तो हसला. "खरेदीप्रमुख दुसरा कुणी होऊ दे. मी आहे तो कोठीवालाच बरा."

दुसऱ्या वर्षी वैशाखात, खळ्यावरच त्यांचं लग्न झालं.

पुंजाभाऊ नातीचं बारसं बघून गेले. झुंबरबाई ऐंशी वर्षं जगली आणि शेवटपर्यंत प्रत्येक नव्या मुलीला सांगत राहिली की जहाज तिनं अनवाणी पाहिलंय. कोरल लाईनची जहाजं सहा झाली, मग कंपनी एका मोठ्या कंपनीत मिसळली, नाव गेलं. लाल गाठ राहिली. दत्तू बारा वर्षं दर चैत्राला आला, आणि मग एकदा आला तो कायमचाच.

२००७ साली म्हातारी कोरल रोझ गुजरातेत अलंगला तोडायला गेली, तेव्हा तो तिथं जाऊन तिच्या कोठीचं जाड लोखंडी दार ट्रकमधून घेऊन आला होता.

"चाळीला बसवू," मोठ्या हौसेनं म्हणाला.

"पुन्हा कांदा कोंडून मारायचाय?" हर्षाली हसून हसून बेजार झाली.

शेवटी ते दार विटांवर आडवं टाकलं. आजही खळ्यावरच्या बाया त्याच्याभोवती बसून कांदा निवडतात आणि कडेला बसून दत्तू गोण्यांना लाल गाठ मारतो. ती सैल झाली की हर्षाली त्याचा हात धरून दाखवते... अशी नव्हे, अशी.