काकांचा उजवा कान

यात तिखटमीठ लावलेलं नाही. जेवढं घडलं तेवढंच आहे. आणि ते घडलं भर दुपारी, बुधवारी, चार वाजता, खाली रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न चालू असताना. तेव्हा अंधाराला बोल लावायचीही सोय नाही.

घर तिसऱ्या मजल्यावरचं. आतली खोली काकांची.

काका जाऊन नऊ दिवस झाले होते.

पुतण्या बाहेरच्या खोलीत एका फाटक्या शब्दकोशाची पानं शिवत बसला होता. बुकबाइंडर माणूस, वय अठ्ठावन्न. पण काकांच्या लेखी शेवटपर्यंत ‘बारक्या’च. तो आठ वर्षांचा असताना आईवडील पाठोपाठ गेले, आणि तोफखान्यातले हे काका नोकरी सोडून घरी आले. लग्न केलं नाही. त्याचा डबा भरला, तापात उशाशी बसून रात्री काढल्या.

तोफेशेजारी उभं राहून त्यांचा उजवा कान कायमचा गेला होता.

तेवढ्यात आतून आवाज आला...

खर्रर्र...

लाकडी खुर्ची फरशीवरून ओढल्याचा.

“अगं, आत काय ओढतेयस?”

बायको ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. “मी? मी भांडी घासतेय. तुम्हालाच ऐकू यायला लागलं वाटतं काहीतरी!”

दोघांनी आत पाहिलं.

कपाटाजवळ ठेवलेली खुर्ची पलंगाला लागून उभी होती. उशापाशी. डाव्या बाजूला.

त्याने ती परत कपाटाजवळ ठेवली.

गुरुवारी चार वाजता... खर्रर्र...

शुक्रवारी त्याने खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. चार वाजले... आणि कुलूपबंद दाराआड खुर्ची सावकाश, थांबत थांबत सरकली. म्हाताऱ्या माणसाने ओढावी तशी.

त्या संध्याकाळी बायको म्हणाली, “अहो, दवाखान्यात भेटायची वेळ चारचीच होती ना?”

“हो.”

“शेवटच्या दिवशी तुम्ही त्यांच्या कुठल्या बाजूला बसला होतात?”

“स्टूल होतं तिथे. दुसरीकडे सलाइनचा स्टँड...”

तो बोलता बोलता थांबला. हात वर करून त्याने हवेतच पलंग मांडून पाहिला.

उजवी बाजू.

घरी काकांचा पलंग उजवीकडून भिंतीला टेकलेला. येणारा आपसूकच डावीकडे बसायचा. पन्नास वर्षांत कोणाला बाजूचा विचार करावाच लागला नव्हता.

आणि त्या दिवशी, शेजारच्या पेशंटला ऐकू जाऊ नये म्हणून, तो अगदी हळू बोलला होता.

काय बोलला होता, ते बायकोला ठाऊक होतं. तोफखान्यात काकांचा एक जोडीदार होता. आवाज इतका दणदणीत, की सगळे त्याला भोंगा म्हणत. दीड वर्षापूर्वी त्याचं पत्र आलं. ‘माझे दिवस भरत आलेत. एकदा भेटून जा.’ प्रवास दोन दिवसांचा, आणि काकांच्या हृदयापायी डॉक्टरांनी जिना चढणंसुद्धा बंद केलेलं. पुतण्याने ते पत्र दाखवलंच नाही. एका जाड पुस्तकाच्या पुठ्ठ्याआड चिकटवून टाकलं, आणि ते पुस्तक बांधून वाचनालयात परत गेलं.

दोन महिन्यांनी भोंगा गेला. तेही त्याने सांगितलं नाही.

काका रोज विचारायचे, “बारक्या, भोंग्याचं काही?”

“नाही, काका.”

“आळशी आहे लेकाचा!”

हे सगळं त्याने दवाखान्यात, हात जोडून, त्या मेलेल्या कानात सांगितलं होतं.

“पण ते हसले गं,” तो म्हणाला. “मी बोलून संपवलं आणि ते हसले.”

अकरा दिवस तो त्या हसण्यावरच उभा होता.

बायकोने त्याच्याकडे पाहिलं नाही. “ऐकू आलं नाही की ते हसायचेच. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून. खालच्या शिंप्याची स्कूटर चोरीला गेली, तेव्हा हसून काय म्हणाले होते, आठवतंय ना?”

“‘वा, अभिनंदन!’” तो म्हणाला.

आणि हुंदके देऊन रडला.

शनिवारी तो चारच्या आधीच आत गेला. खुर्ची स्वतः उचलून पलंगाच्या डावीकडे ठेवली. बसला. उशी सकाळीच झटकलेली, चादर ताणलेली.

चार वाजले.

उशीच्या मधोमध हळूहळू खळगा पडला...

तो उठला नाही. “काका, भोंगाकाकांचं पत्र आलं होतं. मी लपवलं. ते गेले, काका. तुम्ही वाट बघत होतात आणि मी रोज तुमच्या तोंडावर खोटं बोललो. तुम्ही मराल म्हणून घाबरलो हो मी...”

रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येईनासे झाले. भिंतीवरचं घड्याळसुद्धा.

त्या शांततेत पलंग करकरला.

त्याने डोळे घट्ट मिटले. उघडले तेव्हा मधला खळगा नव्हता. तो आता उशीच्या डाव्या कडेला होता, खोल. चादरीवर गुडघे मुडपल्याच्या सुरकुत्या होत्या, त्याच्याच बाजूला.

कुणीतरी कुशीवर वळलं होतं. तोंड त्याच्याकडे. चांगला कान उशीत.

मागून आत आलेल्या बायकोने ते पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. “झोपले हो. शांत झोपायचं असलं की तो कान असाच दाबून घ्यायचे. लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय मी.”

त्याने मान हलवली.

एक गोष्ट मात्र त्याने तिला अजून सांगितलेली नाही. लहानपणी त्याच्या हातून काही मोठी चूक झाली, की काका रागावून असेच पडायचे. तोच कान उशीत दाबून. तो पलंगाशी उभा राहून ‘काका, चुकलो’ म्हणत राहायचा. त्यांना एक अक्षर ऐकू जायचं नाही. डोळे मात्र उघडे असायचे, आणि ते त्याच्याकडे बघत असायचे.

त्यानंतर खुर्ची कधी सरकली नाही. उशी तो कोणाला झटकू देत नाही.

रोज चार वाजता तो तिथे जाऊन बसतो. बोलत काहीच नाही. नुसता त्या खळग्याकडे बघतो. त्या शनिवारी काकांचे डोळे मिटलेले होते की उघडे, एवढंच त्याला हवं आहे...

आणि ते सांगणारं कोणी नाही.