पिंपांना सांगायचं राहिलं

ही घटना मी कुठे वाचलेली नाही. ज्याच्यावर गुदरली तो फिन्टन गेराटी अजून आमच्याच गावात राहतो. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण यातली माणसं हिंडतीफिरती आहेत. ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल खोटं समजावं.

साल एकोणीसशे एक्कावन्न. नोव्हेंबर महिना. आमच्याकडे हा महिना मेलेल्यांचा.

ऑफली या आयरिश परगण्यात, जळणाची माती कापतात त्या दलदलीच्या कडेला, आमची व्हिस्कीची जुनी भट्टी आहे. एकेकाळी इथला माल बोटी भरभरून अमेरिकेला जायचा. मग तिकडे दारूबंदी आली, इकडे इंग्रजांशी बिनसलं, आणि स्कॉटलंडवाल्यांनी आपला हलका माल जगभर खपवला. आसपासच्या भट्ट्या एकेक करून थंड झाल्या. आमची तेवढी धुगधुगत होती. मोड आलेले आणि कोरे जव एकत्र भिजवायचे, तांब्याच्या भांड्यांतून तीनदा दारू गाळायची, ओकच्या पिंपांत भरायची आणि वर्षानुवर्षं विसरून जायचं.

सरकार मात्र विसरत नाही. नदीकाठच्या दगडी गोदामाला दोन कुलपं होती. एकाची किल्ली कंपनीच्या माणसाकडे, म्हणजे फिन्टनकडे. दुसऱ्याची अबकारी खात्याच्या लूबी साहेबांकडे. दोघं एका वेळी हजर असल्याशिवाय ते दार उघडत नसे.

आणि त्या बंद दाराआड एका पिंपातली व्हिस्की कमी होत होती.

आता थोडी व्हिस्की लाकडातून उडून जातेच. त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात, आणि त्यावरून कुणी तक्रार करत नाही. पण मागच्या भिंतीलगतच्या या पिंपात देवदूतांनी जरा जास्तच हात मारला होता. लूबी साहेबांनी मापाची काठी आत घातली, बाहेर काढली, पुसली, पुन्हा घातली. साहेबांच्या कोटावर दारू न पिण्याची शपथ घेतलेल्यांचा बिल्ला असायचा. जन्मात थेंब न चाखलेला माणूस हजारो पिंपांची राखण करतोय, यावर गावात भरपूर विनोद चालत.

त्या दिवशी ते अगदी हळू बोलले.

"गेराटी, हे देवदूत नाहीत. सकाळचं माप संध्याकाळी जुळत नाही. कुणीतरी रोज एक पेला मारतंय. दुपारचा."

फिन्टनला आधी साहेबांचाच संशय आला. बिल्ला लावणारे काय काय करतात ते गावाला माहीत होतं. साहेबांना फिन्टनचा आला, ते त्यांच्या बघण्यावरूनच कळत होतं. दोघं एकमेकांच्या किल्लीकडे चोरून पाहायला लागले. पण दोन कुलपं म्हणजे दोन चोर, आणि या दोघांचं सूत जमेल असं त्यांना स्वतःलाही वाटेना.

मग तिसरा कोण?

नाताळच्या आत नाव हवं, असं साहेबांनी बजावलं. नाव मिळालं नाही तर फिन्टनची किल्ली जाणार होती, आणि किल्लीबरोबर फाटकाजवळचं कंपनीचं घरही.

त्याच आठवड्यात एका दुपारी फिन्टन कुलूप लावून वळला आणि जागीच थांबला.

आतून आवाज आला…

ठक.

मग जरा पुढे… ठक.

मग आणखी पुढे.

कुणीतरी रांगेने चालत एकेक पिंप ठोकून पाहत होतं. पिंप किती भरलंय हे आवाजावरून कळतं, गोदामातला प्रत्येक माणूस असंच करतो. फिन्टनने साहेबांना हाका मारून परत बोलावलं. दोन्ही कुलपं पुन्हा उघडली. बॅटरी घेऊन दोघांनी कानाकोपरा धुंडाळला.

आत कुणी नव्हतं.

भुतं फिन्टनच्या डोक्यातही आली नाहीत. त्याच्या डोक्यात आला डॅन.

डॅन हा त्याचा धाकटा भाऊ, भट्टीत पिंपं बांधणारा. हाताचा कसबी, तोंडाचा वाचाळ. लोखंडी पट्टे ठोकताना सदा शीळ घालायचा, आणि रात्री जेवायला फिन्टनच्याच टेबलावर असायचा. पूर्वी भट्टीतली काही माणसं पँटच्या पायात तांब्याची नळी लपवून व्हिस्की पळवत. ती नळी कशी वाकवायची हे डॅन पोरांना हसत हसत करून दाखवायचा. अशा माणसाला दोन कुलपांचं काय कौतुक?

फिन्टनने ते पिंप नीट तपासलं. एक लोखंडी पट्टा किंचित सरकवून पाहिला.

पट्ट्याखाली भोक होतं. बारीक, खिळ्याएवढं. लाकडी खुंटी मारून बंद केलेलं.

त्या रात्री जेवणात उकडलेले बटाटे, कोबी आणि खारवलेलं डुकराचं मांस होतं. फिन्टनची बायको नोनी वाढत होती. फिन्टनने खुंटीचा विषय काढला तेव्हा डॅन आधी हसला. भाऊ चेष्टा करत नाहीये हे कळल्यावर त्याने काटा खाली ठेवला.

"फळीला कीड लागली होती. मी खुंटी मारली. दुसरं काय करतात?"

"बरोबर पट्ट्याखाली कशी लागली?"

"किड्याला विचार."

"डॅन, हे काम तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही. किती दिवस चाललंय?"

नोनी मध्ये पडली. ती म्हणाली, खुंटी तर घट्ट आहे, मग दारू गेली कुठून? फिन्टनने तिला गप्प केलं. पुराव्यापेक्षा संशय त्याला जास्त पटला होता, आणि एकदा पटलं की गेराटींच्या घरात कुणी मागे फिरत नाही.

डॅन उठला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"बरं, मी चोर. आणि तू रे? बाबा गेले ते आत जाऊन सांगितलंस का?"



हे जरा सांगायला हवं. आमच्या भट्टीत गोदामाचा माणूस वारला की शवपेटी घराबाहेर काढण्याआधी घरातलं कुणीतरी गोदामात जातं. मेलेल्याने शेवटचं भरलेलं पिंप हातोडीने ठोकायचं आणि मोठ्याने सांगायचं, अमका गेला. का, ते कुणाला ठाऊक नाही. पण सांगायचं.

या दोघांचे वडील मॅटी गेराटी फिन्टनच्या आधी गोदाम सांभाळत. ऑगस्टमध्ये झोपेतच गेले. नेमके लूबी साहेब किल्ली खिशात घालून कॉर्कला बहिणीकडे गेले होते. दार उघडणं शक्यच नव्हतं. साहेब परत आले तेव्हा म्हाताऱ्याला पुरून झालं होतं. साहेबांसमोर पिंपाशी बोलायची फिन्टनला लाज वाटली. आज सांगू, उद्या सांगू करता करता राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॅन इंग्लंडच्या बोटीसाठी निघाला. नोनीने पाव बांधून दिला आणि दारापर्यंत गेली. फिन्टन खोलीतून बाहेर आला नाही. शीळ ऐकू येईल असं त्याला वाटलं होतं, पण डॅन न शीळ घालता गेला.

साहेबांना नाव मिळालं. किल्ली वाचली.

आणि पिंप उतरतच राहिलं.

डॅन समुद्रापलीकडे, दाराला दोन कुलपं, खुंटी जशीच्या तशी, आणि तरी पातळी खाली. फिन्टनने काठी पाहिली, पुसली आणि पुन्हा आत घातली.

तेवढ्यात भट्टीची मांजर आत आली. जवाची नासाडी करणाऱ्या उंदरांसाठी पाळलेली ती म्हातारी मांजर. मॅटी असताना त्यांच्या मागेमागे असायची, ते गेल्यापासून गोदामात फिरकली नव्हती. ती सरळ त्या पिंपापाशी गेली. शेपटी वर केली…

आणि गुरगुरत अंग घासू लागली.

पिंपाला नव्हे. पिंपासमोरच्या रिकाम्या जागेला.

लूबी साहेबांनी कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली.  मग साहेबांनीच विचारलं की मॅटी दुपारचा पेला कुठे घ्यायचे. त्या काळी भट्टीत प्रत्येक कामगाराला दुपारी एक पेला मिळायचा. मॅटी आपला पेला तिथेच, त्या भिंतीपाशी उभे राहून घ्यायचे. आणि तेच पिंप त्यांनी शेवटचं भरलेलं होतं.

फिन्टनने हातोडी घेतली.  त्याने पिंप ठोकलं.

"मॅटी गेराटी गेले," तो म्हणाला. "ऑगस्टमध्येच गेले. बाबा, सांगायचं राहिलं. माझं चुकलं."

सगळं शांत.

मग…

पिंपाच्या आतून एकच ठोका आला.

दाराशी लूबी साहेब उभे होते. त्यांनी अचानक टोपी काढली आणि बाजूला सरकून वाट दिली. कुणाला वाट दिली, हे त्यांना नंतर कधीच सांगता आलं नाही.

पिंपाची पातळी तिथेच थांबली. एवढ्यावर संपलं असतं तर फिन्टन ही गोष्ट हसत हसत सांगत बसला असता.

त्याने लगेच डॅनला निरोप धाडला. माफ कर, परत ये. निरोप तसाच परत आला. इंग्लंडात, कॉव्हेंट्रीला डॅन ज्या घरी राहत होता तिथल्या बाईने सोबत लिहिलं होतं, एका सकाळी कारखान्यात म्हणून गेला तो आलाच नाही. कपडे खोलीत आहेत. फिन्टन स्वतः जाऊन आला. पोलिसांनी खांदे उडवले. आयरिश माणसं अशीच कुठेतरी निघून जातात, म्हणाले. मेला म्हणायला प्रेत नव्हतं, जगतोय म्हणायला कुणी पाहिलेला नव्हता. फिन्टनने बोटीवर डोकं धरून प्रवास केला. नोनीने दार उघडलं, त्याचा चेहरा पाहिला आणि त्याच्या हातातली पिशवी घेतली.

ईस्टर झाला.

एका दुपारी लूबी साहेबांनी काठी बाहेर काढली आणि ती पुसायची विसरून तसेच उभे राहिले. पलीकडच्या रांगेतलं एक पिंप उतरलं होतं. रोज एक पेला. दुपारचा.

ते डॅनने जाण्याआधी बांधलेलं शेवटचं पिंप होतं.

दोघं बाहेर आले. दोन्ही कुलपं लावली. आणि आतून…

हलकीशी शीळ ऐकू आली.

साहेबांनाही ऐकू आली, हे ते आजही नाकारत नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः हातोडी आणून फिन्टनच्या हातात दिली.

"सांगून टाका, गेराटी. थांबेल."

"काय सांगू, साहेब? तो गेलाय हे माहीत कुणाला आहे?"

"मग मला कागदावर नाव लागेल. तूट झाकता येणार नाही."

फिन्टनने हातोडी दोनदा उचलली. एकदा सांगितलं की शीळ थांबणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो जिवंत असेल तर आपण त्याला दुसऱ्यांदा मारू. मेला असेल तर पुन्हा एकदा घराबाहेर काढू. त्याने हातोडी जमिनीवर ठेवली.

"लिहा माझं नाव," तो म्हणाला. "मीच पितो."

साहेबांनी खूप समजावलं. फिन्टन ऐकेना. किल्ली गेली, घर गेलं. गाव त्याला आता चोर म्हणतं, दुकानात त्याच्या पाठीमागे पँटच्या पायाकडे बोट दाखवून हसतं. तो एका शब्दाने प्रतिवाद करत नाही. नोनीही करत नाही.

गोदामावर डब्लिनहून नवा माणूस आला आहे. पिंप अजून उतरतं. परवा तो चर्चबाहेर फिन्टनला गाठून म्हणाला की भट्टीतल्या म्हाताऱ्यांनी त्याला सगळं सांगितलंय. सोमवारी तो स्वतःच हातोडी घेऊन, डॅन गेला असं सांगायला आत जाणार होता.

फिन्टनने त्याचं मनगट धरलं. बराच वेळ सोडलं नाही.

"अजून नको," तो म्हणाला. "तो येतोय ना. येऊ दे."