पत्र्याआतला अंगठा

वाळूजच्या त्या छोट्या कारखान्यात ज्ञानेश्वरी तपासणीला होती. ड्रोनच्या पंखांसाठी टायटॅनियमचे कागदासारखे पातळ पत्रे तिथं अल्ट्रासॉनिक वेल्डिंगनं जोडत. ना ठिणगी, ना धूर. वरून ‘हॉर्न’ म्हणतात तो पोलादी ठोकळा दाबायचा, कानाला ऐकू न येणाऱ्या वेगानं थरथरायचा, आणि धातू न वितळताच धातूला धरायचा. ऐकू येत नाही पण घडतं, हे तिला मनातल्या जपासारखं वाटे. म्हणून रोज सकाळी हातमोजा काढून ती उजवा अंगठा मशीनला टेकवायची, मग कपाळाला. पत्र्याला मात्र उघडा हात कधीच नाही. बोटाचं तेल लागलं की जोड धरत नाही.

मार्गशीर्षातल्या त्या गुरुवारी जोड किती घट्ट ते कळायला तीन नमुने सोलून पाहायचे होते. एक तरी टिकला तर ड्रोनचं काम कारखान्याकडे राहणार होतं, नाहीतर मशीन चालवणाऱ्या कडूबाकाकांसकट सात जण घरी. नमुने आठ दिवसांपूर्वी जोडलेले. तेव्हा ज्ञानेश्वरी सिल्लोडला, माहेरी होती.

पहिला तुकडा पकडीनं ओढला तसा सालीसारखा सुटला. आत अंगठ्याचा स्वच्छ ठसा.

कडूबाकाका हळूच म्हणाले, "ताई, मशीनला नमस्कार ठीक हाय. पत्र्याला कशाला?"

"मी इथं नव्हते, काका."

"व्हय. ते बी खरंच."

शंका नको म्हणून तिनं उजव्या अंगठ्यावरची जखमेची पट्टी काढली आणि शाईचा ठसा कागदावर घेतला. सकाळी पूजेची फळं चिरताना विळी लागली होती, त्याची तिरकी चीर कागदावर उमटली. तुकड्यात ती चीर नव्हती. बाकी रेघ न रेघ तीच.

इंजिनिअर इंद्रजीत भिंगातून बराच वेळ पाहत राहिला. मग त्यानं दुसरा तुकडा तिच्याकडे सरकवला.

तोही सुटला. आत तोच अंगठा. या वेळी चिरेसकट.

आठ दिवसांपूर्वी मिटलेल्या पत्र्यात आज सकाळची जखम.

"तिसरा राहू द्या, ताई," कडूबाकाका म्हणाले.

पण तिला पाहायचंच होतं. भीतीपेक्षा ती ओढ मोठी होती. मनात नाव घेत तिनं पकड आवळली.

जोड सुटला नाही. पत्रा बाजूनं फाटला, जोड तसाच राहिला. तिनं भिंगाखाली कड न् कड तपासली. ठसा कुठंच नव्हता.

"पास," इंद्रजीत म्हणाला. कडूबाकाकांनी डोळे पुसले. कुणीतरी चहा सांगितला. तिचा उपवास, तिनं नुसता कप धरला. मग पट्टी पुन्हा लावली.

संध्याकाळी शिफ्टच्या बससाठी रांग लागली. उजव्याला पट्टी, म्हणून हजेरीच्या मशीनवर तिनं डावा अंगठा टेकवला. हिरवा दिवा. मग तिला आठवलं, मशीनमध्ये नोंद तर फक्त उजव्याची आहे.

तिनं पट्टी काढली.

चीर नव्हती. रेषाही नव्हत्या. दिव्याखाली अंगठा नव्या पत्र्यासारखा गुळगुळीत चमकत होता.