गंगूआत्याची वाव

ही गोष्ट उघडी आहे. वाचताना कुणाला चूक दिसली, तर त्याने ती तिथेच दुरुस्त करायची आणि पुढे आपलं नाव लिहायचं. असं का, ते गोष्टीतच कळेल. आधी कोडं.

दोन बोटी. दोन्हींवर माणूस नाही. दोन्ही एकाच परीक्षेला बसल्या आणि दोन्ही नापास झाल्या. तरी त्यातल्या एका बोटीकडे बघून माझे आजोबा खुशीत हसत होते.

का?

आमच्या नांदगिरी बंदरात खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. तो पाण्याखाली असतो आणि दर पावसाळ्यात, कधी मोठ्या भरतीतही, जागा बदलतो. गेल्या वर्षी त्याच्यावरच बाबांची होडी उलटली. बंदर मंडळाची बचावबोट निघाली खरी, पण वाळूत रुतून बसली. बाबा पालथ्या होडीला धरून राहिले. शेवटी शेजारच्या होड्यांनी दोर टाकून त्यांना ओढलं.

त्या दिवसापासून आमची होडी किनाऱ्यावर पालथी पडलेली आहे. एका रिसॉर्टवाल्याला ती बागेत मांडायला हवी आहे, आत फुलझाडं लावून.

"दांडा ओलांडणारी बचावबोट आली, तर होडी पाण्यात घालीन," बाबा म्हणाले. "नाहीतर झेंडू."

[दुरुस्ती: झेंडू नाही, सदाफुली. झेंडूला खारा वारा सोसत नाही. – हर्षलाची आई]

हर्षला म्हणजे मी.

मंडळाने या वर्षी परीक्षा ठेवली. दांड्यापलीकडे नांगरलेल्या पडावावर, म्हणजे मोठ्या मालवाहू होडीवर, एक रबरी माणूस ठेवला. त्याला जी बोट उचलून आणेल, ती नांदगिरीला मिळणार.

पहिली बोट 'सम्राट'. ती एका मोठ्या कंपनीची, काळी, चकचकीत; गेल्या वर्षी रुतलेली बचावबोटही याच कंपनीची होती. तिचं सॉफ्टवेअर (यंत्राने काय करायचं ते सांगणाऱ्या सूचनांची माळ) मोहोर लावलेल्या पेटीत बंद होतं. दुसरी 'टिटवी'. ती आजोबा आणि आम्ही गावकऱ्यांनी मिळून बांधलेली. आजोबांनी आयुष्यभर संगणकशास्त्र शिकवलंय. टिटवीचं सॉफ्टवेअर उघडं होतं, जगातल्या कुणालाही वाचता येईल असं.

सम्राट झोकात निघाली आणि गेल्या वर्षीच्या जागीच रुतली.

टिटवी दांड्याजवळ गेली आणि थांबली. "पाणी कमी आहे. मी पुढे जात नाही," ती भोंग्यातून म्हणाली. किनाऱ्यावर हशा पिकला.

"टिटवी कसली, ही तर कोंबडी," कुणीतरी म्हणालं.

बाबा पालथ्या होडीवर हात ठेवून उभे होते. मंडळाने दोघींना पुढच्या अमावास्येच्या भरतीला आणखी एक संधी दिली.

[दुरुस्ती: मी कोंबडी नाही. मला जे सांगितलं होतं त्यावरून थांबणंच बरोबर होतं. – टिटवी]

आजोबा कंपनीच्या माणसाकडे गेले. त्यांचं नाव शिरगुप्पे.

"तुमची बोट तिथेच का रुतते, ते आत बघूया का?"

"पेटी उघडायची परवानगी नाही."

"आम्हाला नाही, कबूल. तुम्ही बघा."

"मलाही नाही हो," शिरगुप्पे हळूच म्हणाले. "तक्रार वर पाठवतो. पुढच्या वर्षी नवी आवृत्ती येईल."

मी चिडले होते. "आजोबा, आपणही नापास झालो. तुम्ही हसताय काय?"

"आपण का नापास झालो ते आपल्याला शोधता येईल. त्यांना शोधताच येणार नाही."

तेवढ्यात खाडीची खोली मोजणारी गंगूआत्या कुणाच्या तरी पसरलेल्या जाळ्यापाशी वाळूवर बसली आणि भोक शिवू लागली. आमच्याकडे एक रीत आहे. किनाऱ्यावर कुणाचंही जाळं पसरलेलं दिसलं आणि आपले हात रिकामे असले, तर एक तरी भोक शिवायचं आणि मग पुढे जायचं. मालक कोण, हे कुणी विचारत नाही.

"हे बघ," आजोबा म्हणाले. "हे जाळं पेटीत बंद असतं, तर?"

"भोकं दिसलीच नसती."

"आणि दिसली असती, तरी शिवता आली नसती. टिटवीचं सॉफ्टवेअर म्हणजे पसरलेलं जाळं. त्याला म्हणतात मुक्त-स्रोत. स्रोत म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ मजकूर. तो कुणीही वाचावा, वापरावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. आपली अट एवढीच, की बदललेलं दुसऱ्याला दिलंस, तर तेही उघडंच ठेवायचं."

"पण एखाद्याने मुद्दाम कच्ची गाठ मारली तर?"

गंगूआत्याने मान वर केली. "अगो, दुसऱ्याने ओढून बघितल्याशिवाय जाळं पाण्यात जातं काय?"

"अगदी तसंच," आजोबा म्हणाले. "कुणी सुचवलेला बदल दुसरे आधी तपासतात, तिसरे चालवून बघतात. पक्का निघाला, तरच आत घेतात. याला म्हणतात परीक्षण."

आम्ही टिटवीने नोंदवलेलं सगळं जगासमोर पसरलं. कुठे थांबली, लाटा किती उंच होत्या, आम्ही तिला सांगितलेली खोली किती.

दोन दिवसांत उत्तर आलं, इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटावरून. तिथल्या फित्री नावाच्या मुलीचं. तिच्या गावातही टिटवीचंच सॉफ्टवेअर वापरणारी बोट आहे.

तिने लिहिलं होतं: 'उथळ पाण्यात लाट फुटते. तुमच्या लाटा जिथून न फुटता जातात, तिथे तुम्ही खोली फक्त एक मीटर लिहिली आहे. मला पाणी जास्त वाटतं. तुम्ही दोन्ही हात पसरून दोरी मोजता का? आमच्याकडे त्याला देपा म्हणतात. आम्हीही हीच चूक केली होती.'

आजोबांनी कपाळावर हात मारला.

आमच्याकडे त्याला वाव म्हणतात. पसरलेल्या दोन्ही हातांच्या टोकांमधलं अंतर. गंगूआत्या शिसं बांधलेली दोरी पाण्यात सोडते, वर ओढताना हातांनी मोजते आणि ओरडून सांगते, "एक. दोन. दीड." आम्ही तेच टिटवीत भरलं होतं. आमच्यासाठी खोली म्हणजे वावच. ते सांगावं लागतं, हे अख्ख्या गावात कुणाच्या मनातही आलं नाही. टिटवीने ते आकडे मीटर समजून घेतले.

मग गंगूआत्याला हात पसरून उभं केलं आणि आजोबांनी फीत लावली.

"एक मीटर साठ सेंटिमीटर," मी वाचलं.

"माझी मापं काय आता जगभर जाणार?" आत्या म्हणाली.

"जाणारच."

टिटवीला तरायला सव्वा मीटर पाणी लागतं. आम्ही लिहिलेल्या एकाच्या जागी होतं एक मीटर साठ. म्हणजे वाट होती. पहिल्यापासून होती.

[दुरुस्ती: हर्षलाने एक गोष्ट लिहिली नाही. दांडा हलला की टिटवीने लाटांवरून आपणच ओळखावं, हा भाग नंतर, अमावास्येच्या आधी, केरळ आणि चिलीच्या लोकांनी जोडला. मी फक्त तपासला. – फित्री]

अमावास्या आली. सगळं गाव किनाऱ्यावर जमलं. बाबा मात्र पालथ्या होडीपाशीच थांबले.

सम्राट पुन्हा पुढे. पुन्हा तीच जागा. पुन्हा वाळू.

टिटवी दांड्याजवळ पोहोचली. थोडी हळू झाली.

"दांडा डावीकडे सरकलाय," टिटवी म्हणाली. "वाट उजवीकडून आहे. पाणी पुरेसं आहे. जाते."

आणि गेली. लाटांमधून सुईसारखी निघाली, पडावाला वळसा घातला, रबरी माणसाला यांत्रिक हाताने उचललं आणि त्याच वाटेने परत फिरली. येताना सम्राटजवळ थांबली.

"दोर टाकू का?" तिने विचारलं.

सम्राटला असल्या प्रश्नाचं उत्तर देता येत नव्हतं. शिरगुप्पे ओरडले, "टाक, बाई."

टिटवी एका हातात रबरी माणूस आणि मागे सम्राट, अशी वरातीसारखी खाडीत शिरली. कोंबडी म्हणणारा माणूस सगळ्यात मोठ्याने शिट्ट्या वाजवत होता. शिरगुप्पे आजोबांजवळ आले आणि म्हणाले, "तुमचं हे जाळं मला वाचायला मिळेल का?"

"पसरलेलंच आहे. हात रिकामे असले, तर एक भोक शिवा."

मी मागे वळले. बाबांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या होत्या.

"बघताय काय," ते गावाला म्हणाले. "होडी सुलटी करायला हात लावा."

[दुरुस्ती: सदाफुली वाया गेली नाही. दारात लावली आहे. – हर्षलाची आई]

आता रोज पहाटे बाबा दांड्यापलीकडे जातात. गेल्या आठवड्यात आजोबांना एक निरोप आला. शनीच्या टायटन नावाच्या चंद्रावर द्रवरूप मिथेनचे (आपल्याकडे जो वायू असतो, तोच तिथल्या थंडीत पातळ झालेला) समुद्र आहेत. तिथे एक लहान बोट पाठवायची आहे आणि तिच्यासाठी शास्त्रज्ञांनी टिटवीचं सॉफ्टवेअर घेतलंय. वाचता वाचता त्यांना एक ओळ दिसली: 'आकडा घेण्याआधी विचारा, मीटर की वाव की देपा.' ती त्यांनी तशीच ठेवली.

बाबा जाळं झटकत ऐकत होते.

"तिथेही दांडा असेल काय?" त्यांनी विचारलं.

"कुणी पाहिलेला नाही अजून," आजोबा म्हणाले.

"मग त्यांना एक सांगून ठेवायला हवं." बाबांनी हात पुसले आणि माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये कधीच काही लिहिलं नव्हतं. "कुठे लिहायचं, दाखव."

[भर: दांडा हलतो. जुन्या खुणेवर विसंबू नका, दरवेळी नव्याने बघा. – हर्षलाचे बाबा]