किसनबांची नजर

ब्राझीलच्या मधोमध, जिथे माळ संपता संपत नाही, तिथे एका मांस कंपनीची प्रयोगशाळा होती आणि तिच्या काचेतून बारा वळूंचे बारा कप्पे दिसत. डॉ. सुमित्रा केंद्रे चार दिवस त्या काचेला नाक लावून बसल्या होत्या. बाई बावन्न वर्षांच्या, नावाजलेल्या पशुजनुकतज्ज्ञ. पण वळूंकडे बघताना चेहरा असा, की यात्रेच्या गर्दीत माहेरचं माणूस शोधतायत.

तसं ते माहेरच होतं म्हणा. बालाघाटच्या डोंगरात केंद्र्यांच्या घरी बालाघाटी गुरं पिढ्यान्‌पिढ्या होती. वडील किसनबा, म्हणजे आबा, वळू पारखण्यात पंचक्रोशीत एक नंबर. पस्तीस वर्षांपूर्वी या कंपनीने त्यांच्या वळूंचं गोठवलेलं वीर्य नेलं. पुढे साथ आली आणि आठ दिवसांत गोठा रिकामा झाला. त्या धक्क्याने वर्षभरात आबाही गेले. बालाघाटी जनावर आता उरलं होतं ते इथेच, त्याच वीर्यापासून वाढवलेलं, परमुलखात, मांसासाठी.

कंपनीशी करार सरळ होता. सुमित्राबाईंनी किसनबांच्या नजरेने बारातला एक वळू निवडायचा. कंपनी तो आपल्या लाखो गायींवर वापरणार, आणि बदल्यात त्याच वळूच्या वीर्याच्या दोनशे नळ्या बालाघाटला जाणार. गावच्या गायींना चार-पाच पिढ्या तेच रक्त दिलं की जात पुन्हा उभी राहील. बाईंना मरायच्या आधी एकदा तो गोठा भरलेला बघायचा होता. दुसरं काही मागणं नव्हतं.

आता मेलेल्या माणसाची नजर आणायची कुठून? तर केंद्र्यांच्या घरची एक रीत होती. दरवर्षी गोऱ्हे निवडायच्या दिवशी प्रत्येकाच्या शेपटीचे केस मुळासकट उपटून गोठ्याच्या खांबाला बांधायचे. वळू म्हणून ठेवला त्याचे तांबड्या दोऱ्यात, खच्ची करायचा त्याचे पांढऱ्या. खालून वर, एका वर्षावर दुसरं. खांबावर एकतीस वर्षं होती, आणि केसांच्या मुळाशी अजून जनुकं शाबूत होती.

ती वाचण्याचा संगणकी कार्यक्रम डॉ. अन्वर पटेल यांनी रचला होता. नाव ठेवलं ‘निवडवाचक’. औशाचे पोरगेले गृहस्थ, तोंडाने भारी बोलके.

“ताई, जात म्हणजे शेवटी काय हो?” ते म्हणाले. “कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या ‘हा ठेवा, तो नको’ म्हणत आलं, त्याचा साठा. तांबड्या दोऱ्यातल्यांत काय जास्त आहे आणि पांढऱ्यांत काय कमी, एवढं दरवर्षीचं मोजलं, की निवडणाऱ्याच्या मनात काय होतं ते कळतं. त्याला स्वतःला सांगता येत नसलं तरी!”

“मग काय होतं आबांच्या मनात? खांदा? वशिंड? ते तास-तासभर हात फिरवत बसायचे.”

“तिथंच तर गंमत आहे. पहिली बावीस वर्षं खांद्याला काडीची किंमत नाही. निवड झालीय ती शांतपणावर. माणसाला न बिचकणारं, हाकेला येणारं, पान्हा न चोरणाऱ्या गायीचं गोऱ्हं. आणि तेविसाव्या वर्षी एकदम सगळं पालटतं. तिथून शेवटपर्यंत नुसता खांदा, छाती, वशिंड. आबा आजारी पडले होते का त्या वर्षी?”

सुमित्राबाईंनी बोटांवर वर्षं मोजली. पुन्हा एकदा मोजली.

“नाही,” त्या म्हणाल्या. “त्या वर्षी माय गेली.”

अन्वर उठून पाणी आणायला गेले.

बाईंना सगळं लख्ख दिसलं. अंगणात माणसं जमलीत, आबा गोऱ्ह्यांभोवती फिरतायत, मिशीला पीळ देतायत. मग चहाला म्हणून आत येतात, आणि चुलीपाशी माय, वर न बघता, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणते, “चांदीचं ठेवा.” आबा बाहेर जाऊन चांदी गायीच्या गोऱ्ह्यावर हात ठेवतात. लोक म्हणतात, वा किसनबा, काय नजर! मायने, गोदाबाईने, कधी वळूकडे मान वर करून बघितलंच नव्हतं. ती दोन्ही वेळा धारा काढायची. कुठली गाय कशी उभी राहते ते तिच्या हातांना ठाऊक होतं. आणि आपण शहाण्या लेकीने जन्मात तिला एक प्रश्न विचारला नाही! बाईंना तिथेच रडू कोसळलं.

“हे घ्या ताई.” अन्वरनी पाण्याचा पेला दिला. “एक चांगली बातमी तर ऐका. तुमच्या आईच्या निवडीत सात नंबरचा वळू सगळ्यांच्या पुढे आहे. कंपनी तर नाचेल. शांत जनावर कत्तलखान्याच्या वाटेवर बिथरत नाही, म्हणून मांस मऊ राहतं. याचीच पोरं लाखांनी हवीयत त्यांना.”

“म्हणजे हाकेला येतात म्हणूनच मरायचं त्यांनी.”

“हो.”

“आणि आबांच्या नुसत्या नजरेत? शेवटच्या नऊ वर्षांच्या?”

“चार नंबर. खांद्याने दांडगा, डोक्याने तापट. ताई, नळ्या त्याच वळूच्या मिळणार. चार सांगितलात तर मायची गुरं गावाला कधीच यायची नाहीत.”

“कळतंय मला. करारात नाव कुणाचं आहे?”

“किसनबांचं.”

“मग खोटं कुठंय? चार लिहा. माझ्या मायनं माणसाचा भरवसा धरणारी गुरं घडवली. तोच भरवसा धरून ती लाखांनी सुरीखाली जायची असतील, तर मला तो गोठा नको.”

हे म्हणताना त्यांचा जीव किती तुटला, ते त्यांनाच माहीत. अन्वरनी चार लिहिलं. खाली उरलेल्या अकरांपुढे नियमाप्रमाणे कत्तलीचा वार उमटला, ‘शुक्रवार’.

बाई कप्प्यांकडे गेल्या. ऊन कलत होतं. सात नंबरचा वळू लांब कोपऱ्यात उभा होता. त्यांच्या तोंडून आपसूक मायची हाक गेली, “ये रे राजा.” तो चालत आला आणि तळहातावर नाक टेकून उभा राहिला. बाईंनी त्याचं कपाळ खाजवलं. मग त्यांना शुक्रवार आठवला आणि त्यांनी हात काढून घेतला.

“जा,” त्या म्हणाल्या. “मागं जा. कुणी बोलावलं तरी येऊ नकोस. पळ!” त्यांनी पदर झटकला, कठड्यावर हात आपटले, ओरडल्यासुद्धा.

वळूने एकदा कान हलवला, आणि आणखी जवळ सरकला.